२ कोटी १० लाख डॉलर आणि आर्वी तालुक्यातील एक पथनाट्य

फेब्रुवारी २०२५ च्या मध्यास अमेरिकेच्या 'डोज' या खर्चकपात विभागाने रद्द केलेल्या परदेशी अनुदानांची यादी समाजमाध्यमावर टाकली. निवडणुका आणि राजकीय प्रक्रिया बळकट करण्याचे काम करणाऱ्या 'सेप्स' या संस्थासमूहाच्या ४८ कोटी ६० लाख डॉलरच्या अनुदानाचा त्यात उल्लेख होता. त्यापैकी २ कोटी २० लाख डॉलर मोल्दोव्हासाठी आणि २ कोटी १० लाख डॉलर भारतातील मतदानाचे प्रमाण वाढवण्यासाठी होते, एवढेच तिथे लिहिले होते. ही रक्कम कोणत्या वर्षी मंजूर झाली, भारतात ती कोणाला मिळायची होती आणि रद्द होण्यापूर्वी तिच्यातील किती खर्च झाली, याचा त्यात मागमूस नव्हता. भारतीय जनता पक्षाच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख अमित मालवीय यांनी लगोलग हा भारताच्या निवडणूक प्रक्रियेतील बाह्य हस्तक्षेप असल्याचे जाहीर केले आणि याचा लाभ सत्ताधारी पक्षाला तर नक्कीच झालेला नाही, अशी पुस्ती जोडली. त्यानंतरच्या दहा दिवसांत त्या एका ओळीच्या आधारे वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्याच्या एका गावात महिलांच्या एका नोंदणीकृत संस्थेविरुद्ध तहसील कार्यालयात लेखी अर्ज दाखल झाला. प्रस्तुत प्रकरण त्या अर्जाचे आहे. गावाचे, संस्थेचे आणि अर्जदाराचे नाव येथे दिलेले नाही. देण्याची गरजही नाही.

अर्जदार पन्नाशी ओलांडलेले कापूस-तूर पिकवणारे शेतकरी आहेत आणि पूर्वी ग्रामपंचायतीचे सदस्य होते. त्यांच्या अर्जात तीन मागण्या होत्या. २६ एप्रिल २०२४ च्या लोकसभा मतदानापूर्वी या संस्थेने परिसरातील गावांत मतदार जागृतीचे जे पथनाट्य केले, त्याचा पैसा कोठून आला याची चौकशी व्हावी. चौकशी पूर्ण होईपर्यंत संस्थेला जिल्हा परिषद शाळेची खोली बैठकींसाठी देऊ नये. आणि संस्थेला मिळालेला परदेशी निधी जाहीर करावा. तिसऱ्या मागणीत निधी मिळाला आहे हे गृहीतच धरले होते, आणि या प्रकरणातील सगळी अडचण त्या गृहीतकापाशी आहे. अर्जाला पुरावा म्हणून दोन कागद जोडले होते. एक वृत्तपत्राचे कात्रण होते आणि दुसरे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या संदेशाची छापील प्रत.

कात्रणात चूक नव्हती. अमेरिकेने अमुक रकमेचे अनुदान रद्द केल्याचा दावा केला, रुपयांत ती रक्कम सुमारे १८२ कोटी होते आणि त्यावरून राजकीय पक्षांत खडाजंगी सुरू आहे, एवढेच त्यात होते. संदेशाचे तसे नव्हते. मी तालुक्याच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. आमच्या विद्यार्थ्यांनी गावातील वेगवेगळ्या गटांवर आलेल्या त्याच संदेशाच्या प्रती तारीखवार लावून पाहिल्या. सर्वात आधीच्या प्रतीत वृत्तपत्रातील माहिती जवळजवळ जशीच्या तशी होती आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह होते. दोन दिवसांनंतरच्या प्रतीत प्रश्नचिन्ह गेले आणि 'आले' हे क्रियापद दाखल झाले. त्यानंतरच्या प्रतीत 'गावोगावच्या महिला संस्थांमार्फत' हे शब्द वाढले होते, आणि अर्जाला जोडलेली प्रत तीच होती. हे शब्द कोणी घातले हे शोधून काढण्याचा मोह विद्यार्थ्यांना झाला होता, पण तो मार्ग आम्ही धरला नाही, कारण घालणारा सापडला असता तरी मूळ दावा खरा की खोटा हे त्यातून ठरले नसते.

दावा तपासायचा तर आधी त्याचे तुकडे करावे लागतात. अशी काही रक्कम खरोखर मंजूर झाली होती का, हा पहिला प्रश्न. झाली असल्यास ती भारतासाठीच होती का, हा दुसरा. भारतासाठी असल्यास ती येथे पोचली का, कोणत्या खात्यात आणि कोणाच्या हाती, हा तिसरा. पोचलेल्या पैशातून झालेल्या कामाचा मतदानावर काही परिणाम झाला का, हा चौथा. आणि मतदान वाढले असल्यास ते एखाद्या पक्षाच्या बाजूने वा विरोधात झुकवले गेले का, हा पाचवा प्रश्न चौथ्यापेक्षा पूर्णपणे वेगळा. 'परदेशी हस्तक्षेप' या दोन शब्दांत हे पाचही दुवे एकदम गिळले जातात, आणि पहिल्या दुव्याचा जेमतेम पुरावा पाचव्याचा पुरावा म्हणून खपवला जातो. दिल्लीत जे चालले होते ते याहून वेगळे नव्हते, म्हणून गावातल्या अर्जदाराला हसण्याचे कारण नाही.

दिल्ली-वॉशिंग्टनच्या पातळीवर पुराव्याची स्थिती काय होती ते आधी पाहू. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १८ ते २२ फेब्रुवारीदरम्यान हा विषय जवळजवळ रोज काढला. पहिल्यांदा त्यांचा आक्षेप असा होता की भारताकडे भरपूर पैसा आहे, मग आपण त्यांना का द्यायचे. मायामीतील भाषणात त्यांनी, तिथे दुसऱ्याच कोणाला तरी निवडून आणण्याचा प्रयत्न असावा, असा तर्क मांडला. पुढे हा पैसा फिरून दलालीच्या रूपाने परत येत असावा असे त्यांनी सुचवले. त्यानंतर तोच पैसा 'माझे मित्र पंतप्रधान मोदी' यांच्याकडे मतदान वाढवण्यासाठी जात होता असे ते म्हणाले, आणि २२ तारखेच्या सभेत रक्कम १ कोटी ८० लाख डॉलर झाली. आठवड्याच्या आत एकाच अनुदानाचा हेतू, लाभार्थी आणि आकडा हे तिन्ही बदलले. एवढ्या उच्च पदावरील व्यक्ती बोलते आहे म्हणजे तिच्याजवळ कागद असणारच, असे मानणाऱ्यांनी या बदलत्या विधानांकडे पाहायला हवे होते, कारण ज्याच्यासमोर कागद असतो त्याचा आकडा एवढ्या लवकर बदलत नाही.

२१ फेब्रुवारीला भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने ही माहिती अत्यंत अस्वस्थ करणारी असल्याचे सांगितले आणि संबंधित विभाग ती तपासत असल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी 'इंडियन एक्स्प्रेस'ने अमेरिकी अनुदानांच्या नोंदींच्या आधारे बातमी दिली की २ कोटी १० लाख डॉलरचे हे अनुदान २०२२ मध्ये बांगलादेशासाठी मंजूर झालेले होते. ते तीन वर्षांसाठी होते, त्यातले १ कोटी ३४ लाख डॉलर खर्च झाले होते, आणि जानेवारी २०२४ च्या बांगलादेशातील निवडणुकीच्या आधी तेथील विद्यार्थ्यांच्या राजकीय सहभागाच्या कार्यक्रमांसाठी ते वापरले गेले. अमेरिकेच्या संघराज्यीय अनुदानाला कामाचे ठिकाण नोंदवावेच लागते, आणि त्या नोंदींनुसार सेप्सला भारतातील कामासाठी २००८ नंतर 'यूएसएड' या अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेचा पैसा मिळालेला नव्हता. म्हणजे पहिल्या दुव्याचे उत्तर 'होय' असे निघाले, आणि दुसऱ्याचे 'नाही' असे.

विरोधी बाजूचा पुरावा दिसला की तपास संपला, असे मानण्याची सवय आपल्याकडे आहे, म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना ही बातमीही तितक्याच कसोशीने वाचायला सांगितली. वृत्तपत्राचा दावा डोजच्या दाव्यापेक्षा वरचढ ठरतो तो त्या वृत्तपत्राच्या प्रतिष्ठेमुळे नव्हे. त्यात वर्ष आहे, देश आहे, कालावधी आहे, खर्च झालेला भाग आहे, आणि या प्रत्येक गोष्टीला खोटे ठरवण्याची सोय आहे. डोजच्या ओळीत खोटे ठरवता येईल असे काहीच नव्हते. तो विभाग आपली ओळ टिकवण्यासाठी भारतातील एखाद्या लाभार्थीचे नाव किंवा एखादा अनुदान क्रमांक पुढे करू शकला असता. तसे घडले नाही.

याच सुमारास आणखी एक सूत पकडून आणले गेले. २०१२ मध्ये निवडणूक आयोगाने सेप्समधीलच एक घटक असलेल्या 'आयएफईएस' या संस्थेशी सामंजस्य करार केला होता, आणि तेव्हा एस. वाय. कुरेशी मुख्य निवडणूक आयुक्त होते. करार खरा होता. कुरेशी यांनी त्यावर सांगितले की तो प्रशिक्षणाबाबत होता, असे करार आयोगाने इतर अनेक संस्थांशीही केले होते, आणि त्यात कोणत्याही बाजूवर आर्थिक वा कायदेशीर बंधन नसल्याचे स्पष्ट लिहिलेले होते. दोन संस्थांमधील ओळख आणि दोन संस्थांमधील पैशाचा व्यवहार यांतील अंतर येथे पुसले गेले. अर्थमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालानुसार त्या वर्षी यूएसएडचे एकूण ७५ कोटी डॉलरचे सात प्रकल्प भारत सरकारच्या भागीदारीत सुरू होते. शेती आणि अन्नसुरक्षा, पाणी-स्वच्छता, नवीकरणीय ऊर्जा, आपत्ती व्यवस्थापन, आरोग्य असे त्यांचे विषय होते आणि त्यांत मतदानाचा एकही नव्हता. या अहवालाला मर्यादा आहे. त्यात सरकारच्या भागीदारीतील प्रकल्पच येतात, बिनसरकारी संस्थांना थेट मिळणारा निधी येत नाही. ही मर्यादा वर्गात सर्वात आधी एका विद्यार्थिनीने दाखवली, आणि अर्जदाराच्या बाजूने केलेला सगळ्यात सशक्त युक्तिवाद तोच होता.

गावात वाचनालयाच्या खोलीत एका संध्याकाळी अर्जदार, संस्थेच्या अध्यक्षा, वाचनालय चालवणारे निवृत्त मुख्याध्यापक, शाळेच्या एक शिक्षिका आणि काही विद्यार्थी एकत्र बसले. अर्जदार स्वभावाने भांडखोर नाहीत. त्यांनी सुरुवातच अशी केली : "ताई, राग नोका मानू, पन पेपरात आलं ना बाप्पा. एवढा पैसा आला तं तो गेला कोठं?" अध्यक्षा हसल्या नाहीत. "काकाजी, पेपरात पैसा आला असं कोठं लिवलं हाय? बंद केला असं लिवलं हाय. आमच्या पथनाट्याले मांडव ग्रामपंचायतीनं देल्ला, चहा शाळेतल्या बाईनं केला. डॉलर कोन्या कपात होता तेवढं सांगा." यावर मुख्याध्यापक म्हणाले, "शेताचा सौदा करताना आपण सातबारा पाहतो, फेरफार पाहतो, वाटलं तर मोजणी आणतो. इथं नुसत्या बांधावरच्या गप्पेवर खरेदीखत होऊन राहिलं." अर्जदारांना हे बोलणे लागले असावे, पण त्यांनी मग सातबाराच मागितला, आणि त्या क्षणापासून चर्चेला वळण मिळाले.

संस्थेने कागद टेबलावर ठेवले. पहिला कागद तहसील कार्यालयाचे एप्रिल २०२४ चे पत्र होता; त्यात 'स्वीप' कार्यक्रमांतर्गत प्रभातफेरी, रांगोळी स्पर्धा, मतदार शपथ आणि पथनाट्य घेण्याबाबत शाळा, महाविद्यालये आणि स्वयंसेवी संस्थांना कळवलेले होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे की स्वीप हा भारतीय निवडणूक आयोगाचा स्वतःचा मतदार शिक्षण कार्यक्रम आहे, २००९ पासून तो चालू आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेमार्फत तो खाली उतरतो. अर्जदाराने पुरावा म्हणून दाखवलेल्या छायाचित्रातील फलकावर आयोगाचे बोधचिन्ह होते. ते परदेशी संस्थेचे चिन्ह असावे असा त्यांचा समज झाला होता, आणि तो तिथेच फिटला. दुसरा कागद खर्चाची वही होता. शाईच्या पेनाने आखलेल्या रकान्यांत ध्वनिक्षेपकाचे भाडे, मोटारसायकलींचे पेट्रोल, दोन ढोलकीवाल्यांचे मानधन, पुठ्ठा आणि रंग अशा नोंदी होत्या, आणि सगळी मिळून बेरीज चार आकड्यांच्या पुढे जात नव्हती. तिसऱ्या ठिकाणी बँकेचे पासबुक होते, आणि चौथा कागद धर्मादाय कार्यालयाला सादर केलेले लेखापरीक्षित हिशेब.

पासबुकात एक नोंद होती तिच्यावर अर्जदाराचे बोट थांबले. २०२३ मध्ये नागपूरच्या एका संस्थेकडून काही रक्कम जमा झालेली होती. "हे काय हाय?" या प्रश्नाला अध्यक्षांनी बचतगटांच्या हिशेबलेखनाच्या प्रशिक्षणाचा प्रवासखर्च असे उत्तर दिले, पण नागपूरच्या त्या संस्थेला पैसा कोठून मिळाला होता हे त्यांना सांगता आले नाही. अर्जदाराची शंका येथे रास्त होती आणि ती तशी मान्य करण्यात आली. विदेशी योगदान नियमन कायदा या ठिकाणी कामी येतो. २०१० च्या या कायद्यात २०२० मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला तो भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेच्या खात्यातच घ्यावा लागतो आणि तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. नागपूरच्या संस्थेकडून विद्यार्थ्यांनी लेखी उत्तर मागवले. ते प्रशिक्षण राज्य शासनाच्या योजनेतून झाल्याचे उत्तर आले आणि सोबत कार्यादेशाची प्रत आली. गावातील संस्थेकडे परदेशी निधी घेण्याची नोंदणीच नाही. अर्थात नोंदणी नसल्यामुळे कायदेशीर निधी आला नाही एवढेच सिद्ध होते. बेकायदा आलाच नाही हे कागदावरून कोणालाही सिद्ध करता येणार नाही, आणि ते सिद्ध करण्याचा भार संस्थेवर टाकणे न्याय्य नाही. दावा ज्याचा, पुरावा त्याचा, हा नियम गावच्या भांडणात सगळ्यांना पाठ असतो. देशाच्या भांडणात तो विसरला जातो.

या कायद्याच्या ओघात एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. परदेशी पैशाबद्दल ज्या संसदेत आणि ज्या पक्षांत एवढा गदारोळ झाला, त्यांच्याच इतिहासात मार्च २०१४ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आहे, ज्यात भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी परदेशी मालकीच्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन तेव्हाच्या कायद्याचा भंग केल्याचे म्हटले होते. पुढे २०१६ आणि २०१८ च्या वित्त विधेयकांतून परदेशी स्रोताची व्याख्याच पूर्वलक्षी प्रभावाने, पार १९७६ पासून, बदलण्यात आली आणि २०१८ ची दुरुस्ती लोकसभेत चर्चेविना मंजूर झाली. गावातल्या महिलांच्या ढोलकीच्या मानधनाची चौकशी मागणाऱ्याला हे ठाऊक नव्हते. त्याला ते कोणी सांगितलेही नव्हते.

चौथ्या आणि पाचव्या दुव्याकडे वळू. मतदान वाढवण्यासाठी पैसा आला असे क्षणभर मानले तरी मतदान वाढले का? २०१९ च्या लोकसभेला देशात ६७.४ टक्के मतदान झाले होते, २०२४ मध्ये ते सुमारे ६६ टक्क्यांवर आले. विदर्भात १९ एप्रिलच्या पहिल्या टप्प्यात गडचिरोली-चिमूर मतदारसंघात जवळपास ७२ टक्के मतदान झाले आणि नागपुरात जेमतेम ५४ टक्के. संस्था, कार्यशाळा, सभागृहे आणि देणगीदारांची वर्दळ जिथे सर्वाधिक, तिथे मतदान सर्वात कमी. जंगलातून पायी केंद्र गाठणाऱ्या मतदारांचा भाग मात्र पुढे. विद्यार्थ्यांना हा आकडा फार आवडला आणि त्यावरून पैसा आलाच नाही असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो निष्कर्ष टिकणारा नव्हता. प्रयत्न फसला म्हणजे प्रयत्न झालाच नाही असे होत नाही, आणि मतदानाचा टक्का ऊन, स्थलांतर, उमेदवार, मतदार यादीची अवस्था अशा अनेक कारणांनी हलतो. या आकड्यांतून एवढेच म्हणता येते की परिणाम झाल्याचे कोणतेही चिन्ह दिसत नाही.

प्रयत्न आणि परिणाम यांतील हे अंतर जगातील सर्वाधिक तपासल्या गेलेल्या उदाहरणातही शिल्लक राहिले आहे. अमेरिकेच्या २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीतील रशियन हस्तक्षेपाबद्दल ६ जानेवारी २०१७ रोजी तेथील गुप्तचर यंत्रणांचा जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्याच्या जाहीर आवृत्तीत निष्कर्ष होते पण त्यांमागचा बराचसा पुरावा गोपनीय म्हणून वगळलेला होता; पुतिन यांना ट्रम्प यांचे पारडे जड करायचे होते या निष्कर्षावर सीआयए आणि एफबीआय यांनी उच्च विश्वास दर्शवला, तर एनएसएने मध्यम. त्याच्या आदल्या आठवड्यात दिलेल्या तांत्रिक अहवालातील इंटरनेट पत्त्यांची यादी इतकी सरसकट होती की तिच्या आधारे व्हरमाँट राज्यातील वीजजाळ्यात रशियन शिरल्याची बातमी 'वॉशिंग्टन पोस्ट'ने दिली आणि ती त्या वृत्तपत्राला लगेच दुरुस्त करावी लागली, कारण संबंधित लॅपटॉप वीजजाळ्याला जोडलेलाच नव्हता. त्या काळात शंका घेणाऱ्यांना रशियाचे हस्तक म्हणणे सोपे होते, पण तेव्हाच्या जाहीर पुराव्यावर शंका घेणे गैर नव्हते. पुढे पुरावा सुधारला. जुलै २०१८ च्या आरोपपत्रात रशियन लष्करी गुप्तचर विभागाच्या १२ अधिकाऱ्यांची नावे, त्यांच्या तुकड्यांचे क्रमांक आणि मार्च २०१६ मधील फसव्या ईमेलचा तपशील आला, आणि सिनेटच्या समितीने दोन्ही पक्षांच्या सहमतीने हस्तक्षेप झाल्याचे मान्य केले. त्या अधिकाऱ्यांवर खटला मात्र कधी उभा राहिला नाही, त्यामुळे तो तपशील न्यायालयात उलटतपासणीला उतरलेला नाही.

परिणामाच्या बाजूला पाहिले तर मते बदलली गेल्याचा पुरावा कोणत्याही चौकशीत निघाला नाही. फेसबुकवरील रशियन मजकूर १२ कोटी ६० लाख लोकांपर्यंत पोचला असावा हा आकडा गाजला, पण पोचणे म्हणजे पटणे नव्हे. २०२३ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या ट्विटरवरील अभ्यासात असे दिसले की रशियन खात्यांच्या मजकुराचा ७० टक्के भाग अवघ्या १ टक्का वापरकर्त्यांच्या नजरेस पडला होता, आणि त्याचा मतांशी किंवा मतदानाशी अर्थपूर्ण संबंध आढळला नाही. गावातील संदेशाचे तेच आहे. तो किती फोनवर गेला यावरून किती जणांनी आपले मत बदलले हे ठरत नाही.

रोमानियाचे उदाहरण आमच्या चर्चेत अधिक रंगले, कारण तिथे पुराव्याआधी निकाल लागला. अध्यक्षीय निवडणुकीच्या २४ नोव्हेंबर २०२४ च्या पहिल्या फेरीत कॅलिन जॉर्जेस्कू हे फारसे चर्चेत नसलेले उमेदवार सुमारे २३ टक्के मते घेऊन पहिले आले. गुप्तचर यंत्रणांचे काही कागद ४ डिसेंबरला खुले करण्यात आले आणि ६ डिसेंबरला, दुसऱ्या फेरीच्या दोन दिवस आधी, घटनात्मक न्यायालयाने सगळी निवडणूक रद्द केली. टिकटॉकवरील संघटित प्रचाराचे वर्णन त्या कागदांत होते; त्यामागे रशिया असल्याचे सुचवले होते, दाखवले नव्हते. पुढे तेथील शोधपत्रकारांनी उघड केले की जॉर्जेस्कू यांच्या फायद्याची ठरलेली एक मोहीम मुळात तिथल्याच सत्तेत असलेल्या नॅशनल लिबरल पक्षाच्या पैशाने सुरू झाली होती. युरोपीय देशांना घटनात्मक बाबींत सल्ला देणाऱ्या व्हेनिस आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले की केवळ गोपनीय माहितीच्या आधारावर निवडणूक रद्द होऊ नये. परकीय हात शोधताना घरातला हात नजरेआड होतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणार नाही. जॉर्जेस्कू यांनी प्रचारखर्च शून्य दाखवला होता, आणि ही बाब स्वतंत्रपणे गंभीर होती. ती रशियाच्या पुराव्याची उणीव भरून काढण्यासाठी वापरली गेली ही चूक होती.

यातून अर्जदाराच्या मनात काय उतरले ते सांगणे अवघड आहे. पण त्यांनी बैठकीनंतर विचारलेला एक प्रश्न येथे नोंदवायला हवा. संस्थांना मिळणाऱ्या परदेशी निधीची यादी सामान्य माणसाला कोठे पाहता येते, असे त्यांनी विचारले. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावर पूर्वी संस्थांची वार्षिक विवरणे आणि परवाने रद्द झालेल्यांच्या याद्या पाहता येत असत. जुलै २०२२ मध्ये त्यातील बराच भाग काढून टाकण्यात आला. ज्या माहितीवरून शंका पाच मिनिटांत मिटली असती ती उपलब्ध नसेल, तर फिरत्या संदेशालाच पुराव्याची जागा मिळते. अर्जदाराचा संशय चुकीच्या संस्थेवर होता, परंतु त्याला संशय पडावा अशी व्यवस्था त्याने निर्माण केलेली नव्हती.

१ मे २०२५ च्या ग्रामसभेत मतदार जागृतीसह गावात होणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक कार्यक्रमाचा खर्च आणि खर्च करणाऱ्याचे नाव ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे असा ठराव झाला; सूचक अर्जदार होते आणि अनुमोदन संस्थेच्या अध्यक्षांनी दिले. ऑगस्टमध्ये परराष्ट्र राज्यमंत्री कीर्तिवर्धन सिंह यांनी राज्यसभेतील लेखी उत्तरात सांगितले की अमेरिकी दूतावासाने २ जुलैला माहिती दिली असून, तिच्यानुसार २०१४ ते २०२४ या वर्षांत यूएसएडच्या भारतातील कार्यालयाला मतदानवाढीसाठी २ कोटी १० लाख डॉलर मिळाले नाहीत, त्याने ते दिले नाहीत आणि असा कोणताही उपक्रमही राबवला नाही. ही बातमी फेब्रुवारीतल्या बातमीच्या दशांशानेही फिरली नाही. मी ती अर्जदारांना दाखवली तेव्हा ते म्हणाले, "दूतावासानं सांगतलं म्हून मानाचं काय?" प्रश्न योग्य आहे. दूतावास हा संबंधित पक्षच आहे आणि त्याचे म्हणणे हे एका बाजूचे निवेदन आहे. त्याच्या बाजूने एवढेच सांगता येते की त्यात वर्षे दिलेली आहेत, ते संसदेच्या कामकाजात नोंदले गेले आहे, आणि भारतात पैसा आल्याचा एखादा कागद कोणी पुढे आणला तर ते त्याच दिवशी खोटे ठरेल. तसा कागद पुढे आलेला नाही. हाच प्रश्न फेब्रुवारीत डोजच्या ओळीला विचारला होता का, असे मी त्यांना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही, पण अर्जाची स्थळप्रत मागून घेतली.

तहसील कार्यालयात तो अर्ज अजून दाखल आहे आणि अर्जदाराने तो मागे घेतलेला नाही. शाळेची खोली न देण्याची मागणी मात्र त्यांनी पुरवणी अर्ज देऊन स्वतःच्या सहीने वगळली आहे, आणि परदेशी निधी जाहीर करण्याच्या मागणीत संस्थेच्या नावाऐवजी आता 'नोंदणीकृत सर्व संस्था आणि राजकीय पक्ष' असे लिहिलेले आहे.